आधी अंदाज, मग मोजमाप : पर्वती पायथ्याच्या उजळणी वर्गाच्या नोंदी

१९ एप्रिल, रविवार

नववीतून दहावीत जाणाऱ्या मुलांचा सुट्टीतला उजळणी वर्ग आज सुरू झाला. जागा पर्वतीच्या पायथ्याशी असलेली अभ्यासिका. वर पत्रा, दोन पंखे, एक फळा आणि शेजारच्या काकूंनी वापरायला दिलेली गॅसची शेगडी. वीसेक मुलंमुली आहेत. शिकवणारे आम्ही दोघं, मी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयातून निवृत्त झालेले सर. मुलांची नावं या नोंदींत लिहिणार नाही.

नवीन धडे घ्यायचे नाहीत असं ठरलं आहे. दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये गुरुत्वाकर्षण, उष्णता, अपवर्तन, भिंगं येतात आणि त्यांच्याखाली नववीचे गतीचे नियम, कार्य-ऊर्जा, धाराविद्युत असतात. तो खालचा थर तपासायचा, पोकळ वाटेल तिथे भरायचा, एवढंच काम.

आज दोन कागद दिले. पहिल्यावर व्याख्या: जडत्व, त्वरण, विभवांतर, अप्रकट उष्मा (तापमान न वाढवता अवस्था बदलण्यात खर्च होणारी उष्णता). जवळजवळ सगळ्यांना आल्या, काहींना तर पुस्तकातल्या स्वल्पविरामासकट. दुसऱ्यावर व्याख्या एकही नव्हती, फक्त चित्रं. वर फेकलेला चेंडू अगदी माथ्यावर असताना त्याच्यावर कुठलं बल आहे, बाण काढा. एकापाठोपाठ जोडलेल्या दोन बल्बांपैकी कुठला जास्त उजळेल? बर्फाचा खडा गोधडीत गुंडाळला तर लवकर वितळेल की उशिरा? आधण आल्यावर गॅस मोठा केला तर पाण्याचं तापमान वाढेल का? बाटलीला तीन भोकं पाडली तर कुठली धार लांब जाईल?

दुसरा कागद वाचताना सर बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्या मुलीने अप्रकट उष्म्याची व्याख्या बिनचूक लिहिली होती, तिनेच खाली लिहिलं होतं की गॅस मोठा केला की पाणी ११०-१२० अंशांवर जाईल. दोन्ही उत्तरं एकाच डोक्यात, एकाच तासात, शेजारीशेजारी नांदत होती. व्याख्येने आतल्या चित्राला धक्काही लावलेला नाही. परीक्षेत व्याख्या विचारतात म्हणून ते चित्र कुणाला दिसतही नाही.

ठरलं ते असं. प्रत्येकाच्या प्रयोगवहीत डावीकडे एक रकाना, त्याचं नाव 'माझा अंदाज'. साहित्याला हात लावायच्या आधी तो पेनाने भरायचा, आकड्यासकट आणि कारणासकट. नंतर खोडायचा नाही. अंदाज चुकल्याबद्दल कुणाला काही म्हणायचं नाही, पण रकाना कोरा ठेवला तर प्रयोगाला बसायचं नाही.

२२ एप्रिल, बुधवार

साहित्य आणलं. तापकीर गल्लीत टॉर्चचे २.५ व्होल्टचे बल्ब, होल्डर, वायर आणि एक साधा मल्टिमीटर मिळाला. पेठेतल्या प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानातून ११० अंशांपर्यंतचे लाल स्पिरिटचे तापमापक घेतले. पाऱ्याचा मुद्दाम टाळला, फुटला तर मुलांच्या गर्दीत निस्तरणं अवघड. बाकी घरातलंच: पातेली, वाट्या, प्लास्टिकच्या बाटल्या, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा.

२६ एप्रिल, रविवार

आज चेंडू. माथ्यावरच्या चेंडूचे बाण जवळपास सगळ्यांनी दोन काढले होते, एक खाली 'गुरुत्वाकर्षणाचा' आणि एक वर 'हाताचा'. काहींनी माथ्यावर दोन्ही सारखे दाखवले होते, 'म्हणून तर तो क्षणभर थांबतो'. हे उत्तर आळसातून आलेलं नाही, विचार करूनच आलेलं आहे. म्हणूनच नुसतं 'चूक' म्हणून ते जाणार नाही.

भिंतीवर दर १० सेंटिमीटरला खडूच्या रेघा मारल्या. एका मुलाने भिंतीलगत रबरी चेंडू सरळ वर उडवला आणि दुसरीने मोबाइलवर चित्रफीत घेतली. मग ती थांबवत थांबवत, दर ०.१ सेकंदाला चेंडू कुठे आहे ते वाचलं. वर जाताना एकेका टप्प्यात चेंडू ३६, २५, १६, ५ सेंटिमीटर सरकला. खाली येताना तीच अंतरं उलट्या क्रमाने.

फरक काढा म्हटलं. ११, ९, ११. रेघा वाचण्यातली चूक सोडली तर दर टप्प्याला १० सेंटिमीटर कमी, म्हणजे दर ०.१ सेकंदाला वेग सेकंदाला १ मीटरने घटतोय. सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद हे त्वरण पुस्तकात आहेच, ते भिंतीवर उमटलं होतं. सरांनी विचारलं, 'हाताचं बल चेंडूत उरलेलं असतं, आणि ते हळूहळू संपत असतं, तर हे फरक सारखे आले असते का?' बराच वेळ शांतता. मग एक मुलगा म्हणाला, 'नाही. सुरुवातीला कमी घटला असता, नंतर जास्त.' म्हणजे हात सुटला त्या क्षणी हाताचं बलही सुटलं. वर जाताना, माथ्यावर आणि खाली येताना बल एकच आणि तेवढंच. माथ्यावर वेग शून्य आहे, त्वरण शून्य नाही.

शेवटी जड-हलक्याचा प्रश्न निघालाच. वहीवर कागदाचा सुटा चिटोरा ठेवून दोन्ही एकदम सोडले. वहीने खालची हवा बाजूला सारली की चिटोराही तिच्याबरोबरच खाली येतो. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडून दाखवलं होतं, तेही सांगितलं. तिथे हवाच नाही, त्यामुळे दोन्ही बरोबर खाली टेकले.

३ मे, रविवार

आजच्या नोंदीला जास्त जागा देते.

काम साधं होतं: पातेल्यात पाणी तापवायचं, दर मिनिटाला तापमान लिहायचं आणि आलेख काढायचा. अंदाज सगळ्यांचे एकसारखे, १०० अंशांवर उकळेल. त्यापुढे दोन गट. काही म्हणाले तिथेच थांबेल, बाकीचे म्हणाले गॅस मोठा केला तर पुढे जाईल.

पाणी खदखदू लागलं आणि तापमापक ९८ वर थांबला. गॅस मोठा केला. बुडबुडे वाढले, वाफेने चष्मे धुकटले, पण लाल रेघ ९८ वरच. गॅस बारीक केला, तरी ९८. पुढे जाईल म्हणणाऱ्यांचा अंदाज तिथेच पडला. जास्त उष्णता गेली कुठे, याचं उत्तर पातेल्यातच होतं: मोठ्या गॅसवर पाणी भराभर आटत होतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५४० कॅलरी लागतात. दिलेली उष्णता त्या कामी खर्च होते, तापमान वाढवायला उरत नाही. पहिल्या दिवशीच्या त्या मुलीने आपली अप्रकट उष्म्याची जुनी व्याख्या काढून वाचली आणि म्हणाली, 'ताई, हे तेच आहे.'

पण मला जास्त मोलाचं वाटलं ते पुढचं. वह्या गोळा केल्या तर बहुतेकांनी उत्कलनबिंदू १०० लिहिला होता. डोळ्यांसमोर ९८ दिसत असताना. आलेखावरची आडवी रेघसुद्धा १०० वर उचलून काढली होती. विचारलं तर उत्तर मिळालं, 'तापमापक दोन अंश कमी दाखवतोय, म्हणून बरोबर करून लिहिलं.'

तापमापक खोटा असू शकतो, ही शंका रास्तच आहे. मग ती तपासायची कशी, हे मुलांनाच विचारलं. बर्फ सुचायला वेळ लागला, पण सुचला. गोळेवाल्याकडून बर्फ आणून ठेचला, थोडं पाणी घातलं, तापमापक बुडवला. शून्य. दुसरा तापमापक उकळत्या पाण्यात धरला, तोही ९८. तापमापकांत खोट नव्हती.

तेव्हा फळ्यावर दोन गोष्टी लिहिल्या: पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, आणि १०० अंश हा आकडा समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाचा आहे. सरांच्या मोबाइलमध्ये दाबमापक निघाला, त्यावर ९४८ हेक्टोपास्कल. समुद्रसपाटीला तो १०१३ च्या आसपास असतो. पाण्याच्या पृष्ठभागावर हवा कमी जोराने दाबत असेल तर बुडबुडे कमी तापमानाला तयार होऊन तग धरू शकतात. आपल्या इथल्या उंचीपर्यंत ढोबळ हिशेब असा की दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. ५६० भागिले ३०० हे मुलांनीच केलं. १.९. शंभरातून वजा करा, ९८.१.

तो आकडा फळ्यावर आला तेव्हा वर्गात जो गलका झाला, तो ऐकायला शाळांतल्या सगळ्या विज्ञान शिक्षकांना बोलवावंसं वाटलं.

५ मे, मंगळवार

रविवारचं डोक्यातून जात नाही. प्रयोगवहीत 'बरोबर करून' लिहिणं मुलांना कुणी मुद्दाम शिकवलेलं नसतं. दरवर्षी वरच्या वर्गाची वही खालच्या वर्गाकडे येते, तिच्यात १०० असतं आणि मार्क त्यालाच मिळतात. पण पुण्यात, उघड्या पातेल्यात साधं पाणी १०० वर कधीच उकळत नाही. म्हणजे या शहरातल्या ज्या वहीत १०० लिहिलं आहे, ती मोजून लिहिलेली नाही. यात मुलांचं नुकसान दुहेरी आहे. दाबाचा आणि उत्कलनाचा संबंध हातात येऊन निसटतो, आणि स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची सवय लागत नाही.

परीक्षेत काय लिहायचं, हा एका पालकांचा फोनवरचा प्रश्न अगदी योग्य होता. प्रमाण दाबाला १०० अंश, हेच लिहायचं. 'प्रमाण दाबाला' हे दोन शब्द गाळायचे नाहीत.

सर म्हणाले, अंदाज पडताळायचा तर सिंहगडावर जाऊ या. २४ तारीख ठरली.

६ मे, बुधवार

थोडक्यात: अभ्यासिकेतल्या माठात ५ लिटर पाणी भरून, वजन करून रात्रभर ठेवलं. संध्याकाळी पाणी ३० अंश, सकाळी २४. महिनाअखेरीस, हवेत दमटपणा आल्यावर, हेच पुन्हा करायचं आहे. हिशेब तेव्हाच मांडू.

१० मे, रविवार

धाराविद्युत. दोन सेल, दोन बल्ब, सगळं एकसरीत, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेलं. अंदाजाचे रकाने वाचले तर अर्ध्याहून जास्त मुलांचं म्हणणं: पहिला बल्ब जास्त उजळेल, कारण वीज आधी त्याच्याकडे येते, तो थोडी खातो, उरलेली दुसऱ्याकडे जाते.

जोडणी केली आणि खरोखरच पहिला बल्ब किंचित जास्त उजळला. मुलं जिंकल्यासारखी ओरडली. हे होऊ शकतं याची आम्हाला कल्पना होती: टॉर्चच्या बल्बांवर २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर छापलेलं असलं तरी दोन बल्बांच्या तारा कधीच तंतोतंत सारख्या नसतात. पण आम्ही बोललो नाही. पुढचा अंदाज मागितला: आता बल्बांची अदलाबदल केली तर? 'जो पहिला तो जास्त उजळेल,' सगळ्यांनी लिहिलं. अदलाबदल केली. या वेळी दुसरा जास्त उजळला. म्हणजे उजेड जागेबरोबर राहिला नाही, बल्बाबरोबर गेला. मग सेल उलटे लावून पाहिले, तरीही तोच बल्ब उजळ.

मग मल्टिमीटर तीन ठिकाणी लावला: पहिल्या बल्बाच्या आधी, दोघांच्या मध्ये, दुसऱ्याच्या नंतर. तिन्हीकडे ०.२१ अँपिअर. 'नंतर' लावताना एका मुलाने आधीच मोठ्याने सांगितलं की शून्य येईल, 'कारण सगळी वापरून झाली'. ०.२१ पाहून त्याने वायर काढून पुन्हा लावली, मग तिसऱ्यांदा. त्याला कुणी घाई केली नाही.

आता प्रश्न असा की धारा खर्च होत नसेल तर सेल उतरतात कशाने? इथे सायकल दुरुस्तीच्या दुकानात मदत करणारा एक मुलगा बोलला: साखळी फिरते तेवढीच परत येते, तिची एकही कडी कमी होत नाही, तरी पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. याहून चांगलं आम्हाला सांगता आलं नसतं. प्रभार फिरत राहतात, खर्च होते ती ऊर्जा, आणि ती सेलमधल्या रासायनिक बदलातून येते. विभवांतर म्हणजे एकक प्रभारामागे किती ऊर्जा दिली-घेतली. मल्टिमीटर व्होल्टवर फिरवून दाखवलं: उजळ बल्बाच्या टोकांना थोडे जास्त व्होल्ट, मंद बल्बाला थोडे कमी, बेरीज दोन्ही सेलांइतकी.

समांतर जोडणीचा अंदाजही बहुतेकांचा चुकला. 'वाटून घेतील, म्हणून मंद होतील.' दोन्ही लख्ख पेटले. फक्त सेलमधून येणारी एकूण धारा एकट्या बल्बाच्या जवळपास दुप्पट झाली, म्हणजे सेल लवकर उतरणार. घरातली २३० व्होल्टची सगळी जोडणी समांतर का असते, हे त्यांनीच सांगितलं: एक दिवा बंद केला तर बाकीचं घर अंधारात जात नाही.

१३ मे, बुधवार

मधल्या वारी गच्चीवर जमलो, कारण शून्य सावलीचा दिवस रविवारची वाट पाहत नाही. पुण्याचा अक्षांश साधारण १८.५ अंश उत्तर. उत्तरेकडे सरकणारा सूर्य १३-१४ मेच्या सुमारास बरोबर आपल्या डोक्यावरून जातो आणि परतताना जुलैच्या शेवटी पुन्हा, पण तेव्हा बहुधा ढग असतात.

अंदाज विचारला, सावली नाहीशी कधी होईल? सगळ्यांनी लिहिलं दुपारी १२. बाराला स्टीलच्या पेल्याशेजारी स्पष्ट सावली होती. साडेबाराला ती पेल्याच्या बुडात शिरली आणि ओळंब्याच्या दोरीची सावली खालच्या लोलकाखाली गेली. घड्याळात १२ वाजून ३१ मिनिटं.

ही ३१ मिनिटं कुठून आली? भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, पुणे ७३.८५ वर. फरक ८.६५ अंश. पृथ्वी १ अंश फिरायला ४ मिनिटं घेते, म्हणून सुमारे ३५ मिनिटं उशीर. मेच्या मध्याला सूर्य घड्याळापेक्षा जवळपास ४ मिनिटं पुढे असतो, ती वजा केली की ३१. मुंबईत हाच दिवस एक-दोन दिवसांनी येतो. दिल्लीत कधीच येत नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

१७ मे, रविवार

द्रवाचा दाब. बाटलीला तीन भोकं पाडायची, वरची धार जवळ पडते, खालची सर्वांत लांब, हे चित्र मुलांनी किती तरी ठिकाणी पाहिलेलं. त्यामुळे या वेळी अंदाज आत्मविश्वासाचे होते.

बाटलीत पाण्याची उंची २० सेंटिमीटर ठेवली. भोकं पृष्ठभागाखाली ५, १० आणि १५ सेंटिमीटरवर. बाटली फरशीवर, वरून पाणी ओतत पातळी तीच राखायची. मधली धार सर्वांत लांब गेली. वरची आणि खालची जवळजवळ एकाच जागी पडल्या. मुलं माझ्याकडे पाहू लागली, पुस्तक बरोबर की बाटली?

दाब खोलीबरोबर वाढतो हे खरंच आहे, आणि खालच्या भोकातून पाणी जोरात बाहेर येतं हेही डोळ्यांना दिसतं. पण धार किती लांब जाईल हे नुसत्या वेगावर ठरत नाही, जमिनीला टेकेपर्यंत तिला किती वेळ मिळतो यावरही ठरतं. खालच्या धारेला वेग जास्त, वेळ कमी. वरच्या धारेला वेळ जास्त, वेग कमी. हिशेब केला तर अंतर येतं २ गुणिले खोली आणि भोकाची जमिनीपासूनची उंची यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. ५ गुणिले १५ आणि १५ गुणिले ५ सारखेच, म्हणून वरच्या-खालच्या धारा १७.३ सेंटिमीटरवर एकत्र, मधली २० वर. प्रत्यक्षात सगळ्या थोड्या अलीकडे पडल्या, कारण भोकाच्या कडा धारेला अडवतात.

मग बाटली ४० सेंटिमीटर उंच स्टुलाच्या कडेला ठेवली. नवा अंदाज, या वेळी सूत्र वापरून: वरची ३३, मधली ४५, खालची ५२. धारा त्याच क्रमाने पडल्या. पुस्तकातलं चित्र खरं ठरण्यासाठी बाटली पुरेशी उंचावर हवी, निदान पाण्याच्या उंचीइतकी. चित्र काढणाऱ्याने बहुतेक वेळा ती जमिनीवरच काढलेली असते.

नववीतल्या मुलांनी सूत्र पाठ न करता, कारणातून मांडून, तीन धारा कुठे पडतील ते आधी सांगितलं. हाच आमचा सगळा अभ्यासक्रम आहे.

खडकवासल्याच्या धरणाची भिंत तळाला रुंद का, हा प्रश्न घरी विचार करायला दिला. दाब पाण्याच्या साठ्यावर नाही, खोलीवर अवलंबून असतो.

२४ मे, रविवार

सिंहगड. स्वारगेटहून पहाटेची बस, आतकरवाडीच्या वाटेने चढाई. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १३१२ मीटर. अंदाज बसमध्येच लिहून झाले: १३१२ भागिले ३०० म्हणजे ४.४, तेव्हा पाणी ९५.६ ला उकळेल.

चढताना कार्य-ऊर्जेचा हिशेब झाला. ४५ किलोचं मूल ६०० मीटर चढलं तर ४५ गुणिले ९.८ गुणिले ६००, जवळपास २,६५,००० ज्यूल, म्हणजे ६३ किलोकॅलरी. सोळा ग्रॅम साखरेत एवढी ऊर्जा असते. एवढा घाम गाळून फक्त सोळा ग्रॅम, हे कुणाला पटेना. स्नायू मिळालेल्या ऊर्जेतला जेमतेम पाव भागच यांत्रिक कार्यात बदलतात, बाकीची उष्णता होते आणि घाम त्यापायीच येतो, हे सांगितल्यावर पटलं.

वर पिठलं-भाकरीच्या एका टपरीवरच्या मावशींनी चुलीवर आमचं पातेलं ठेवू दिलं. खालून आणलेलं तेच पिण्याचं पाणी, तेच तापमापक. पाणी खदखदलं आणि रेघ ९५ आणि ९६ च्या मध्ये थांबली. एक मुलगा म्हणाला, लाकडाची आच गॅसपेक्षा कमी, म्हणून असेल. शंका वहीत लिहून घेतली आणि मावशींनी आणखी दोन लाकडं सरकवली. जाळ पातेल्याच्या कडेवर आला, पाणी उसळून चुलीत सांडलं, रेघ हलली नाही. दाबमापकावर ८७० च्या आसपास.

वहीत सगळ्यांनी ९५.५ लिहिलं. कुणीही १०० केलं नाही.

३१ मे, रविवार

बर्फ आणि गोधडी. दोन सारखे खडे पिशव्यांत घालून, एक ताटात उघडा, एक गोधडीत घट्ट. पहिल्या दिवशीचे बहुतेकांचे अंदाज अजून तेच: गोधडीतला आधी वितळेल, ती गरम असते. तासाभराने ताटातल्या पिशवीत पाणीच उरलं होतं, गोधडीतला खडा चांगला शाबूत. गोधडीत आधी नुसता तापमापक गुंडाळून ठेवला होता, त्याने खोलीचंच तापमान दाखवलं होतं. गोधडी ऊब देत नाही, उष्णतेचा रस्ता अडवते. आपल्या बाबतीत आतून बाहेर जाणारी, बर्फाच्या बाबतीत बाहेरून आत येणारी.

माठाचा हिशेब. ६ मेच्या नोंदीतल्या रात्री ५ लिटर पाणी ६ अंशांनी उतरलं, म्हणजे ३०,००० कॅलरी गेल्या. त्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात, म्हणून निदान ५२ ग्रॅम पाणी उडायला हवं. काट्यावर घट मात्र ३५० ग्रॅमहून जास्त होती. बाकीचं पाणी कुठे गेलं? एका मुलीने सांगितलं: खोली गरम आहे, माठात सारखी उष्णता येत राहते, ती बाहेर काढायलाही पाणी उडावं लागतं. माठ एकदा थंड होऊन थांबत नाही, रात्रभर काम करत असतो. वळीव पडून हवा दमट झाल्यावर कालच्या रात्री तोच माठ तीन अंशांनीच उतरला आणि वजनही कमी घटलं.

भिंगं आणि अपवर्तन आज घ्यायचं होतं. ढगांमुळे भिंगाचं नाभीय अंतर उन्हात काढता आलं नाही. वाटीतलं नाणं पाणी ओतल्यावर दिसू लागतं, एवढंच झालं.

७ जून, रविवार

शाळा सुरू व्हायच्या आत शेवटचा तास. प्रश्न बदलून दुसरा कागद पुन्हा दिला. आधीचीच चित्रं दिली असती तर ती पाठ झालेली असू शकतात.

विजेचा प्रश्न तीन बल्बांचा होता, जवळपास सगळ्यांनी धारा तिन्हीकडे सारखी लिहिली. पाण्याचा प्रश्न लेहचा, उंची सुमारे ३५०० मीटर. ८८ च्या आसपास, बहुतेकांचं बरोबर. प्रेशर कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते, हे त्याच कारणातून उलट दिशेने मांडता आलं: आत दाब वाढतो, पाणी १२० अंशांच्या जवळ जाईपर्यंत उकळत नाही.

बलाचा बाण अजून हट्टी आहे. कॅरमच्या सोंगटीवर, टिचकी मारून झाल्यानंतरही, सातआठ जणांनी पुढे जाणारा बाण काढला. चेंडूच्या बाबतीत तेच बरोबर लिहितात, सोंगटीच्या बाबतीत नाही. म्हणजे चेंडूचं उत्तर समजलं, विचार पुरता पोचलेला नाही. दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात इथूनच करायची, आणि तेव्हा आडव्या गतीची चित्रफीत घ्यायची: बोरिक पावडर टाकलेल्या आणि न टाकलेल्या पाटावर तीच सोंगटी, दर ०.१ सेकंदाला वाचून. भिंगांचा तासही तेव्हाच, ऊन असेल.

लेहच्या उत्तराखाली एका मुलीने, न विचारता, स्वतःचा प्रश्न लिहिला होता: समुद्रसपाटीच्या खाली गेलं तर? तिने मृत समुद्राचा काठ शोधला होता, सुमारे ४३० मीटर खाली. अंदाज १०१.४. आणि कंसात सूचना, की तिथलं पाणी वापरायचं नाही, मिठाने उत्कलनबिंदू आणखी वाढेल, पिण्याचं पाणी बरोबर न्यावं लागेल. वही तिला परत दिली आहे, त्या पानाचा फोटो सरांकडे आहे. मीठ नेमकं किती अंशांनी वाढवतं, हे दिवाळीत शेगडीवर मोजू. तिचा अंदाज तोवर लिहून यायला हवा.